यादीतली सेल्वी

कुंभकोणम्, मंगळवार संध्याकाळ, १९९६

नोटीस बोर्डावर आज यादी लागली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला एक मार्गदर्शक प्राध्यापक. जोड्या लावणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम माझा. विषय आणि गाव, एवढंच त्याला कळतं. त्यानं दारासुरमच्या विणकराची सेल्वी आमच्या गणिताच्या सरांना जोडून दिली. दोघंही दारासुरमची, दोघांचं गणित.

मी त्यांची विद्यार्थिनी असताना ते शिकवणीला घरी बोलवत आणि दाराला कडी घालत. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

"टीचर, सरांनी शनिवारी घरी बोलावलंय. जाऊ ना?" सेल्वी हसत विचारत होती. जाऊ ना, म्हणे. "जाऊ नकोस, यादीत चूक आहे," एवढंच बोलले.

प्राचार्याबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरनं लावलेली जोडी बदलायची तर कारण लेखी द्या."

लिहिलं तर गावभर होईल. आणि न लिहिता शनिवार आला तर? लिहिलं. सगळं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "याआधी दोघींनी तोंडी सांगितलं होतं. लेखी कुणी दिलं नाही." मग त्यांनी सरांचं नाव यादीतून काढलं.

उद्या सरांना कळेल, कुणी लिहिलं ते. पहिल्या तासाला त्यांचा वर्ग माझ्या शेजारी आहे.