गार्डाच्या डब्याची चाकं

बाबा,

तुमचा गार्डाचा डबा मी उचलला. चार तारा लावून, क्रेनच्या हुकाला टांगून, भर उन्हात, बघ्यांच्या गर्दीसमोर. मालगाडीच्या सगळ्यात शेवटी लागतो तो तपकिरी डबा, दोन्हीकडे ओटे आणि मधे लोखंडी खोली. तुमचाच तो, असं मी म्हणत नाही. गार्डाला नेमून दिलेला डबा नसतो, आज हा, उद्या तो, एवढं रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला कळतं. पण ज्या साइडिंगवर तो सडत पडला होता ती अजनीकडचीच, आणि एवढ्या नोकरीत तुम्ही एकदा तरी त्यात बसून आमल्याला नाहीतर बडनेऱ्याला गेलाच असाल. मला तेवढं पुरे होतं. माणूस हाती लागत नाही तर त्याची वस्तू तरी लागावी.

मी आता गुजरातेत बंदरावर रिगर आहे. म्हणजे असं की क्रेनचा ऑपरेटर वर काचेत बसतो, त्याला खालचं धड दिसत नाही. माल कुठून बांधायचा, केव्हा उचलायचा, केव्हा थांबायचं, हे खालून हातानं सांगतो तो मी. मी मूठ बंद केली की सगळं जागच्या जागी थांबतं, इंजिनियरसुद्धा. हे तुम्हाला सांगायचं फार वर्षांपासून मनात होतं. तर कॉलनीतल्या जुन्या मित्राचा फोन आला. जरीपटक्याचा एक शेठ बुटीबोरीच्या रस्त्यावर, आई आता राहते तिकडेच, सावजी हॉटेल टाकून राहिला आहे, त्यानं लिलावात गार्डाचा डबा घेतला, गिऱ्हाइकं त्यात बसून जेवणार, पण डबा उचलून न्यायला भरवशाचा माणूस भेटत नाही. मी त्याच दिवशी रजा टाकली. आईला फोनवर म्हटलं, तुला भेटायला येतो. खरं म्हणजे मी तुमच्यासाठी येत होतो. गाडीत झोप लागली नाही मला, इतका आनंद झाला होता.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. मारणाऱ्याला कुठे आठवतं. आईला ताप होता. ड्युटीचा निरोप आणणारा कॉलबॉय दारात येऊन ओरडून गेला, गाडी लागली आहे म्हणून, आणि स्वयंपाकघरात स्टोव्हवर नुसतं वरण शिजत होतं. तुम्ही पट्टा बांधत आत आलात, भांड्यात डोकावलात आणि म्हणालात, "दिवसभर घरात काय करतं वं तू?" ती भिंतीला धरून उठली होती. तुम्ही झाकण आपटलं आणि न जेवता निघून गेलात. मग ती त्या तापातच पोळ्या लाटते, वांग्याची भाजी टाकते, मधेच ओट्यावर डोकं टेकते, आणि डबा माझ्या हातात देऊन म्हणते, "धाव बाबू, गाडी सुटाच्या आधी दे. उपाशी जातीन ते." मी सायकल हाणत यार्डात येतो. गाडी उभी आहे. शेवटच्या डब्यावर तुम्ही उभे, पांढऱ्या कपड्यात, बगलेत झेंड्या. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि दांडा धरला. आत काय असतं ते मला लहानपणापासून बघायचं होतं.

तुम्ही माझ्या छातीवर हात ठेवला आणि ढकललं. जोरात नाही, कुत्र्याला दूर करतात तेवढंच. मी गिट्टीवर पडलो. खाली दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता, रूळ बदलणारा पॉइंटवाला होता, अजून दोघं-चौघं. त्यांनी विचारलं, "साहेब, पोरगा का तुमचा?" आणि तुम्ही म्हणालात, "हा आमचा सिक डबा. नववीत दोनदा ठोकून पाहिला, हालत नाही. कोणी भंगारात घेत असन तर सांगजा." बिघडलेली वॅगन गाडीतून काढून बाजूच्या लाइनीत उभी करतात, तिला रेल्वेत सिक म्हणतात. सगळे हसले. पॉइंटवाला तर गुडघ्यावर हात मारून हसला. तुम्ही जेवणाचा डबा घेतला, शिट्टी मारली, हिरवी झेंडी दाखवली आणि गेलात. आईचा ताप कसा आहे, हे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलनीभर माझं नाव सिक झालं होतं. क्रिकेटमध्ये सिक, शाळेत सिक, नळावर बायकासुद्धा, "अरे सिक, बाजूले हो नं." शाळा मी त्याच महिन्यात सोडली. आई अजून म्हणते की अभ्यास झेपला नाही. अभ्यास झेपतच नव्हता, ते खरं, पण शाळा मी त्या नावापायी सोडली. मग क्रेनवाल्यांच्या टोळीबरोबर निघून गेलो. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा जामनगरकडे एका प्लांटवर पाइप उतरवत होतो. सगळे पाइप उतरवून झाल्यावर हात धुतले, जेवलो. अग्नी चुलतभावानं दिला. लोक काय काय बोलले असतील. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आता लिहितानाही वाटत नाही.

तर साइडिंगवर मी पहिल्यांदा त्या डब्याभोवती फिरलो. गवत ओट्यापर्यंत आलेलं, काचा फुटलेल्या, आणि बाजूला पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, कंडम. मी तिथेच बिडी पेटवली आणि शांतपणे ओढली. शेठला म्हटलं, "शेठ, याच्यात संडास-बाथरूम काढा. गिऱ्हाइकाले सोयीचं पडन." तो माझ्याकडे बघतच राहिला. "अबे पागल झाला का? लोकं याच्यात बसून फोटो काढतीन, मटण खातीन, अन् तू संडास म्हणून राहिला!" मटण हा शब्द मला आवडला. अंड्याचं टरफल दिसलं तर तुम्ही सगळं घर धुवायला लावायचे, आईला थंडीत पुन्हा आंघोळ करायला लावायचे. तुमच्या डब्यात मटणाची तर्री सांडणार, हाडं चघळली जाणार. मी म्हटलं, "ठीक आहे शेठ, मटणच बरं."

पण माझा खरा डाव चाकांचा होता. शेठला डबा चाकांसकट पाहिजे होता. हॉटेलापुढे त्यानं रुळाचे दोन तुकडे टाकून ठेवले होते. आता या डब्याची गोष्ट अशी की चाकांना खालून धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या भंगारचोरांनी केव्हाच कापून नेल्या होत्या. डबा नुसता चाकांवर बसला होता. असा माल उचलायचा तर आधी चाकं साखळ्यांनी वरच्या सांगाड्याला बांधून घ्यायची, ही आमच्या कामाची रीत. नाही बांधली तर डबा वर जातो आणि चाकं रुळावरच राहतात. मी ठरवलं, नाही बांधायची. शेठला ठोकून दिलं की वजन जास्त होतं, क्रेन घेणार नाही, विटांचा ओटा बांधून त्यावर बसवू. जन्मभर तुम्ही लाइनवर जायचंय, लाइनवर जायचंय करत राहिलात. माझं बारसं चुकलं तर लाइन, आईची आई गेली तर लाइन. आता बसा म्हटलं विटांवर, पांगळे होऊन, आणि समोरून जाणाऱ्या गाड्या बघा.

उचलायच्या दिवशी आई आली. मित्रानंच तिला सांगितलं असणार. ऑटोतून उतरली, हातात माझ्यासाठी जेवणाची पिशवी. डब्याकडे बघून म्हणाली, "हाच का तो?" मी म्हटलं, "असाच." "मले आत पाहू दे." तारा लावून झाल्या होत्या, ऑपरेटर काचेतून घड्याळ दाखवत होता, पण मी तिला हात देऊन पायरीवर चढवलं. इतक्या वर्षांत तुम्ही तिला एकदाही तो डबा दाखवला नव्हता. आत एक बाक, एक हातानं फिरवायचा ब्रेक, एक खिडकी, भिंतीला एक हुक. ती उभ्या उभ्या गोल फिरली. "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." "माय वं! मले वाटे पलंग गिलंग असन, पंखा गिंखा असन. घरी आले का त्याईले करमे नाही. म्हटलं असं काय ठेवलं आहे तिथं! हे तं आपल्या कोळशाच्या कोठीएवढं आहे." आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, वाकून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. तिला असं हसताना मी तुमच्या घरात कधी पाहिलं नाही. क्रेनमधून ऑपरेटर ओरडला, "मावशी, उतरा नं! का तुमालेबी नेऊ बुटीबोरीले?" ती म्हणाली, "ने ना बाप्पा, कोणी कुठं नेलंच नाही मले."

तिला लांब झाडाखाली खुर्चीवर बसवलं आणि मी अंगठा वर केला. तारा ताणल्या. डबा कण्हला. पुढची चाकं रुळावर राहिली, ठरवल्यासारखी. मागची राहिली नाहीत. गंजानं ती सांगाड्याला अशी धरली होती की डब्याबरोबर वर आली, एकीकडूनच, आणि डबा मागच्या बाजूनं खाली कलला. आतलं काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज आला. लोक ओरडत पळाले. मी मूठ बंद केली. सगळं थांबलं. तुमचा डबा वाकडा होऊन हवेत, आणि चाकांचा तो जोड खाली लोंबतो आहे, केव्हाही सुटेल असा. ऑपरेटरनं काच सरकवली. "काहून बे, तू तं म्हणे चाकं खाली राहतीन! गॅसवाल्याले बोलावू का? कापून टाकतो साल्याले." खरं तर काम सोपं होतं. डबा ठोकळ्यांवर टेकवायचा, गंज कापायचा, चाकं मोकळी, माझा डाव पुरा. मी त्याला हो म्हणणारच होतो.

तेवढ्यात आई उठून आली, गर्दीला अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी राहिली. "काय झालं रे?" "काही नाही. मागची चाकं अडकली. कापून काढतो." "काहून? शेठले तं चाकं पाहिजे होती, तो मघा मले सांगे." मी वर डब्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजलं. सांगावं लागलं नाही. "विटांवर बसवतं का त्याईले?" "हो." "कायमचं?" "हो." तेव्हा ती जे बोलली ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, "जन्मभर घरात टिकले नाही ते, अन् आता मेल्यावर तू टिकवून ठेवतं? रोज येताजाता मले दिसाले? चाकं लाव बापा त्याईले. जाऊ दे कुठं जातीन तिकडं. माह्या उरावर नको बसवू."

तुम्हाला वाटेल तिला दया आली. नाही. मी तिचा चेहरा पाहिला आहे. मी विटांवर बसवून सूड घेणार होतो, आणि तिला तुम्ही कुठेच बसलेले नको होते. माझ्यापेक्षा तिचा राग जुना, आणि शहाणा. मी डबा अलगद ठोकळ्यांवर उतरवला, दोन्हीकडची चाकं जागेवर आणली आणि साखळ्यांनी स्वतः आवळून बांधली, चारही. शेठ मागून आला. "अबे, वजन जास्त होते म्हणे नं तू?" मी म्हटलं, "पुन्हा मोजलं शेठ. घेते क्रेन." तो खूश झाला, मला हजारदा शाबासकी दिली. संध्याकाळी डबा हॉटेलापुढच्या रुळावर टेकला, चाकांसकट. आईनं बघितलं, म्हणाली, "झालं? चाल, भूक लागली." आम्ही दोघं तिथेच पत्र्याखाली बसून तिनं आणलेली पोळी-भाजी खाल्ली.

आता मी परत बंदरावर आलो आहे. हा कागद आईच्या हाती लागला तर ती म्हणेल, अजून त्याईच्याशीच बोलत बसतं का. म्हणून उद्या सकाळी चहाच्या शेगडीत टाकतो. माफ केलं असं समजू नका, ते माझ्याकडून होणार नाही. फक्त एक गोष्ट आईलाही सांगितली नाही. साखळ्या सोडून झाल्यावर, शेठच्या ताब्यात डबा द्यायच्या आधी, मी तुमच्या त्या बाकावर बसून पाहिलं. माझे गुडघे समोरच्या लोखंडाला लागले. मी तुमच्याच उंचीचा निघालो. असं वळवून बसलो, तसं वळवून बसलो, पाय कुठे ठेवावे तेच कळेना. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.