नाव कोपऱ्यात, ठळक अक्षरांत

गुरुवार, २ जानेवारी
संकल्प : यंदा कलावंत व्हायचं. सत्तेचाळीस म्हणजे काही वय नव्हे. चाकणच्या कंपनीत क्वालिटीत जन्म काढला, नजर तयार आहे. फक्त कॅमेरा नव्हता, तो काल घेतला. सेकंडहँड.
विषय : कायमची बंद पडलेली दुकानं. मॉलनी आणि मोबाइलनी किती शटरं पाडली, कोणाचं लक्ष नाही. माझं आहे. दर गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीला, भटकंती. पेजचं नाव 'मिटलेली शटरं'. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात 'ज्योतीराम ढगे', ठळक अक्षरांत.
वर्षाली म्हणाली, बाथरूमचं दार दिवाळीपासून मिटत नाहीये, आधी तिथून सुरुवात करा. कलावंताच्या बायकोला इतिहास माफ करत नाही.

गुरुवार, ९ जानेवारी
सकाळी पिंपळे सौदागर. केकवाला, सलून, पुन्हा केकवाला. सगळे उघडे. वॉचमन म्हणाला, "एजंट काय?" म्हटलं, आर्टिस्ट. म्हणाला, "असू द्या, पण गाडी गेटपुढून घ्या."
दुपारी चिखलीत खजिना. 'भैरवनाथ हार्डवेअर'. गंजलेलं शटर, पाटीचा उडालेला रंग, वाळलेलं झेंडूचं तोरण, पायरीवर झोपलेलं कुत्रं. शेजारी चौकशी करावी असं वाटून गेलं. पण चौकशीने कलेतलं गूढ जातं. मजकूर लिहिला : 'इथे एकेकाळी खिळे मिळायचे. आता फक्त शांतता मिळते. मालक, कुठे आहात?' वाचून डोळे पाणावले. माझेच.

शुक्रवार, १० जानेवारी
लाइक मोजणं मला क्षुद्र वाटतं. सहाशेच्या वर. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग. सार्थक नावाच्या पोराने 'सर, तुम्ही रडवलंत' असं लिहिलंय. कंपनीत मला कोणी सर म्हणत नाही.
एकाने मात्र लिहिलं, 'राव, ते दुकान चालू हाय. गुरुवारी कारखाने बंद, मग खिळे कुणाला इकायचे?' उत्तर दिलं : तपशिलात अडकू नका, भावना बघा.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.
तिळगुळाऐवजी हा मेसेज : 'नमस्कार काका, मी दिव्या. भैरवनाथ हार्डवेअर माझ्या वडिलांचं आहे, सोनबा त्यांचं नाव. आम्ही फक्त गुरुवारी बंद असतो. माघात माझा साखरपुडा ठरलाय आणि तुमचा फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ते विचारतात, दुकान बुडालं हे लपवलं का? प्लीज डिलीट करा.'
'काका' खटकलं. पण मुलगी सभ्य आहे. उद्या डिलीट करायचा. नक्की.

रविवार, १९ जानेवारी
करणारच होतो. पण परवा शहरातल्या छायाचित्रकारांच्या मंडळाचा फोन आला. माझा तोच फोटो प्रजासत्ताकदिनाच्या प्रदर्शनात! आता पेजवरून काढला तर मंडळाला काय वाटेल? दिव्याला कळवलं : सोमवार, २७ तारखेला काढतो, तोवर पाहुण्यांना सत्य सांगा. सत्याला कशाची भीती? तिचं उत्तर नाही. पटलं असावं.
संताप : कोणीतरी कोपऱ्यातलं माझं नाव कापून फोटो फॉरवर्ड केलाय. मागे सनईचं रडकं संगीत लावून. दुसऱ्याच्या कष्टांची या लोकांना किंमत नाही.

सोमवार, २७ जानेवारी
प्रदर्शन झालं. फोटो चहाच्या थर्मासमागे टांगला होता. तरी थर्मास हलवून काहींनी पाहिला. एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. नंतर कळलं, साखर शोधत होते.
सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. ते आलं की डिलीट.

बुधवार, २९ जानेवारी
दिव्याचा मेसेज : 'काका, आता नाही काढला तरी चालेल.'
पुन्हा वाचला. मग फोटो डिलीट केला. बोट एकदाच टेकवावं लागतं. एवढंच काम होतं.
कंपनीत मी पार्ट हातात घेतल्याशिवाय रिजेक्टचा शिक्का मारत नाही. पोरं त्यावरून मला हसतात.
उद्या प्रत्यक्ष जाऊन माफी मागायची.

गुरुवार, ३० जानेवारी
गेलो. दुकान बंद. गुरुवार.
हे मला ठाऊक होतं का? वर्षालीने हाच प्रश्न विचारला. कुत्र्याने मात्र ओळखलं.

शनिवार, १ फेब्रुवारी
हाफ डे टाकून गेलो. शटर वर केलं की गंज दिसतच नाही. आत पाइप, नळ, रंगाचे डबे, गिऱ्हाइकांची दाटी. सोनबा टोपी घालून मापात खिळे टाकत होते. काउंटरवर मुलगी. पेजवर माझा फोटो आहे. तिने एकदा पाहिलं, ओळखलं, आणि कोणाचा तरी नळ गुंडाळायला घेतला.
तोंडातून निघालं, "बाथरूमच्या दाराची कडी आहे का?"
कडी शोधता शोधता सोनबा बोलत राहिले. "आवो, मी हितं जित्ता बसलोय, आन् लोक फोन करत्यात, सोनबा गेला का म्हून! कुना सुक्काळीच्यानं फोटू टाकला. पाव्हणं म्हनलं, आता न्हाई, पुढच्या वर्षी बगू. आमाला कळतंय पुढचं वर्ष म्हंजे काय." मग मोबाइल पुढे केला. "ह्यो बगा. नाव कापलंय भाड्यानं. न्हाईतर घरात जाऊन धरला असता."
ज्याने नाव कापलं, त्या अज्ञात माणसाचे मी मनात पाय धरले.
तेवढ्यात दिव्या म्हणाली, "बाबा, हे काका फोटो छान काढतात. आपल्या दुकानाचा काढायला सांगा ना."
"व्हय? मंग काढा की राव! चांगला उघड्या दुकानाचा काढा. पोरी, तू बी ये." टोपी सारखी करत ते पायरीवर उभे राहिले. ती शेजारी उभी राहिली आणि थेट माझ्याकडे बघत राहिली.
काढला.
"आन् खाली तुमचं नाव टाका मोठ्यानं," सोनबा म्हणाले. "लोकास्नी कळू द्या, कुनी काढला."
मी 'हो' म्हणालो. फक्त 'हो'.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
भटकंती नाही. कडी बसवली. उलटी बसली.
उघड्या दुकानाचा फोटो पेजवर टाकला : 'भैरवनाथ हार्डवेअर चालू आहे, होतं. गुरुवारी बंद.' लाइक दोन. एक सार्थकचा, त्याने विचारलंय, सर, पेज हॅक झालं का? दुसरा माझा. कोपऱ्यात नाव टाकायला घेतलं होतं. 'ज्यो' झाल्यावर पुसलं.
संध्याकाळी आमच्या भावकीच्या ग्रुपवर जुनाच फोटो आला. बंद शटर, कुत्रं, सनई. चुलतभावाने लिहिलंय, 'कोण्या थोर कलाकाराने काढलाय, नाव कळलं तर सांगा.'
वर्षालीने मोबाइलवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.
मी दार नीट मिटतं का ते बघायला बाथरूममध्ये गेलो. मिटतं. फक्त बाहेरून.