बेचाळिसावं नाव

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोचले एकदाची पापडीला! मिरजेहून निघताना जाऊबाईंनी टोमणा मारलाच, निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, आमची ही वसईला निघाली. म्हणेनात का. खोली झकास आहे. खिडकीबाहेर केळी, पलीकडे चिकूची झाडं, विहीर आणि कुंपणापल्याड चर्चची दफनभूमी. घरमालकीण मार्गारेटबाई सत्तरीच्या, एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी पाव आणि बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं. मी मासे खात नाही म्हटल्यावर अशा बघत राहिल्या की मीच ओशाळले. मग वाडीतली केळी आली. लाज सोडून सहा खाल्ली.

काम असं आहे. बाईंचे भाऊ फादर फ्रान्सिस गेल्या वर्षी वारले. त्यांनी वीस वर्षं खपून जुन्या पोर्तुगीज कागदांचं मराठी केलं, सहा वह्या भरल्या. मी त्या लॅपटॉपवर टाइप करायच्या, म्हणजे पुस्तक निघेल. फादरांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं कागद उकरलाय. पण चौतीस वर्षं चौथीचे पेपर तपासलेली बाई आहे मी. असल्या कोंबड्यांना भीत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे काम का घेतलं ते इथे तरी खरं लिहावं. वह्यांमध्ये मलुकू बेटांच्या समुद्रातली युद्धं आहेत. लवंग-जायफळाची बेटं ती, आजच्या इंडोनेशियातली. त्याच समुद्रात माझा हर्षवर्धन हरवला. दोन वर्षं झाली. मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता, चोवीस वर्षांचा. इंजिन रूममध्ये आग लागली. कंपनीच्या पत्रात होतं, आग पसरू नये म्हणून दारं बाहेरून बंद करावी लागली. 'करावी लागली' म्हणे! जहाज तरीही बुडालं. सापडलं काहीच नाही.

यंदा पितृपक्षात जाऊबाईंनी धोशा लावला, त्याच्या नावानं पान वाढ. मी म्हटलं, माझं पोर बेपत्ता आहे, मेलेलं नाही. त्याच आठवड्यात या कामाची जाहिरात दिसली. त्या समुद्राबद्दल वाचायला तरी मिळेल, एवढ्यासाठी आले. वेडीच आहे मी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तिसरी वही वाचून डोकं फिरलं. लवंगेचा व्यापार कुणी करायचा यावरून पोर्तुगीज आणि वलंदेज, म्हणजे डच, हमरीतुमरीवर आले. लढायला माणसं कमी पडली म्हणून पोर्तुगीजांनी पापडी, होळी या गावांतली एक्केचाळीस पोरं खलाशी म्हणून जहाजावर चढवली. वलंदेजांच्या चार जहाजांनी त्यांना दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात गाठलं. जहाज शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून कप्तानानं दारूच्या कोठाराला बत्ती लावली आणि आपण होडीतून पळाला. पोरं खालच्या मजल्यावर होती. वरचं झाकण बंद. भांडण दोन परक्या राजांचं, आणि जळाली कोण, तर पापडीची पोरं! जळलं मेलं ते राजेपण.

मार्गारेटबाई म्हणाल्या, त्यांना कबरी नाहीत. म्हणून दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत त्यांची नावं मोठ्यानं वाचतात. नाव वाचलं की जीव निवतो, अशी गावाची श्रद्धा. गेल्या वर्षी मात्र फादरांच्या आजारपणात वाचायची राहून गेली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

एक्केचाळीस जणांची यादी टाइप करून झाली. दुपारभर ते पान बघत बसले. यांची नावं चारशे वर्षं कुणीतरी घेतंय. माझ्या पोराचं नाव मी सोडून कुणी घेत नाही. शेवटी पेन उचललं आणि वहीत खाली लिहिलं, बेचाळीस, हर्षवर्धन. कुणाचं काय जातंय!

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी आहे. मी आकाशकंदील लावला नाही.

यादी तपासायची माझी पद्धत शाळेतली. हजेरी घेतल्यासारखी नावं मोठ्यानं वाचायची. डोळा चुकतो, कान चुकत नाही. दुपारी तीनला व्हरांड्यात बसून वाचली. मार्गारेटबाई आत झोपल्या होत्या. प्रत्येक नावाला कुणीतरी पाय सरकवल्यासारखं वाटलं. केळीची पानं असतील, म्हटलं. बेचाळीस आलं.

'हजर, बाई.'

चौथीला तो माझ्याच वर्गात होता. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असं मीच बजावलं होतं त्याला.

मागोमाग धडाधड आवाज झाले. फटाके वाटले. पण आवाज समुद्राकडून येत होते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा वाचली. तीनदा. तीनही वेळा बोलला. त्याचाच आवाज, सर्दी झाल्यासारखा, नाकातला. मी हसले काय, रडले काय. उठून शेवयांची खीर केली. बाईंना वाटलं, मिरजेची दिवाळी उशिरा येते.

खिरीला धुराचा वास लागला. दूध करपलं नव्हतं, मी बघितलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

कळलं मला. मी नाव घेतलं की तो येतो. तो आला की लढाई सुरू होते. आधी तोफा, मग धूर, मग लाकडावर मुठी. आतून. बराच वेळ मुठी. मग काही नाही.

पुन्हा नाव घेतलं की पुन्हा पहिल्यापासून.

हे कळल्यावरही आज पाच वेळा घेतलं. पाच वेळा जाळलं मी त्याला, एका शब्दासाठी. आई म्हणायचं का असल्या बाईला?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मार्गारेटबाईंना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी पानाच्या डोक्यावर फादरांनी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. 'जहाजावर चढलेले.' म्हणाल्या, ही मेलेल्यांची यादी नाही हो बाई, ही भरतीची यादी आहे. तुम्ही लेकराला त्या जहाजावर चढवलंत.

हात दाखवून अवलक्षण. चौतीस वर्षं पोरांना सांगत आले, आधी शीर्षक वाचा.

ब्लेडनं नाव खरवडलं. कागद फाटला. तरी— 'हजर, बाई.'

उपाय एकच, त्या म्हणाल्या. दोन तारखेला त्याचं नाव इतरांबरोबर वाचून घ्यायचं. नावं चर्चचे नवे फादर वाचतात, चिठ्ठ्या तिथला आलोशियस गोळा करतो. मी विचारलं, मग आवाज? त्यांनी मान हलवली. एकदा निवला की मग नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चिठ्ठीवर छापलंय, 'मरण पावलेल्यांची नावं'. खाली रेघा. पेन टेकवलं. उचललं. दिवसभर तेच.

माझ्या हातानं लिहू? मीच?

आज सात वेळा.

३१ ऑक्टोबर

हजर म्हणाला, आणि पुढे बोलला. पहिल्यांदाच.

'बाई, दार उघडा.'

कुठलं दार रे— कुठे आहे ते— सगळ्या घराची दारं उघडली, कपाटंसुद्धा. मार्गारेटबाईंनी मला धरून बसवलं. त्याही रडत होत्या.

१ नोव्हेंबर

दिली चिठ्ठी. अक्षर कोंबडीसारखं आलं. आलोशियस म्हणाला, जहाजावरच्या नावांनंतर, अगदी शेवटी घेतील फादर.

आज हजेरी नाही. एकदाही नाही. तीन वाजता तोंडात पदर कोंबून बसले.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

मार्गारेटबाई दफनभूमीत गेल्या. मला जमलं नाही. कर्ण्यावर नावं ऐकू येतात. गावाची झाली, आता जहाजावरची—

एकदाच, म्हटलं. निरोप नको द्यायला? घेतलं नाव.

आला. तोफा नाहीत. धूर नाही. विचारलं, हर्षू, भाजतंय का रे. म्हणाला, आता नाही. गार वाटतंय.

मग म्हणाला, 'आई, जातो.'

जातो म्हणू नये रे. घरातून निघताना कुणी म्हणतं का जातो? येतो म्हणावं. बारीक होतास तेव्हापासून सांगतेय—

अडतीस.

येतो म्हण. हर्षू. एकदा म्हण ना.

एकोणचाळीस. किती भराभर वाचतात—

बोलत नाहीये. आहे इथेच, श्वास ऐकू येतोय, पण—

चाळीस.

नको. फादर, थांबा. चूक झाली माझी. ते नाव नका घेऊ, चिठ्ठी परत द्या, मी आले, धावत आले, वाचू नका ते, अहो माझं पोर अजून—