न हलणाऱ्या पायाविषयी

मी, दीपाली जिनदत्त चौगुले, वय ४६, राहणार विश्रामबाग, सांगली, जीवशास्त्राची शिक्षिका, कोणाच्याही दडपणाशिवाय ही अखेरची व्यवस्था सांगून लिहवून घेत आहे. अक्षर माझी सहकारी शिक्षिका अपेक्षा हिचे आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शरीर जात आहे. तेही सगळे नाही.

१. पुढचे सगळे यावर उभे आहे, म्हणून आधी नोंदवते. चेतापेशी तीन प्रकारच्या. संवेदी पेशी आत कळवतात, सहयोगी दुवा जोडतात, प्रेरक पेशी स्नायूंना हलवतात. माझ्या फक्त प्रेरक मरत आहेत. पाय हलवणाऱ्या पेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिचा लांब धागा, कण्यापासून थेट पावलापर्यंत जातो. फळ्यावर तो मी वीतभर काढत असे.

२. राहता फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो वहिनी राजमती यांना, एकटीच्या नावे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या तळपायाला तापलेल्या विटेचा शेक लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. पाय मागे घेता आला नाही, क्षीण हाक पोचली नाही. फोड पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "पाय हलत न्हाई, म्हटलं कळत बी नसंल." माझे भाऊ अण्णा यांनी त्यांना पाहुण्यांसमोर नको ते बोलून घेतले. तेव्हापासून वहिनी लांबून चमचा धरतात, मला हात लावत नाहीत. अण्णा मला साताऱ्याच्या शुश्रूषागृहात ठेवायचे म्हणतात.

हे घर म्हणजे वहिनींना दिलेली लाच आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. थोडी असेलही. म्हणून अट नाही. मला साताऱ्याला पाठवले तरी घर त्यांचेच.

३. बँकेतली शिल्लक भाऊ सन्मती, म्हणजे अण्णांना. ते माझ्या उशाशी उभे राहून "हिला आता काय कळतंय" म्हणतात. अण्णा, सगळं कळतंय.

४. सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या कॉलेजला. चेतापेशीच्या वृक्षिका, म्हणजे तिच्या फांद्या, नीट दिसणारी पट्टी एकच आहे, जपावी.

५. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. विद्यार्थ्यांनी मज्जारज्जूची प्रेरक पेशींची ओसाड पुढची बाजू पाहावी, पण संवेदनांची शाबूत मागची बाजू पाहिल्याशिवाय उठू नये.

६. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणतात. राहू द्या. घर ज्यांना मिळते त्यांनी खोलीत थांबू नये, म्हणून वहिनी आत्ता दाराबाहेर आहेत. माझा अंगठा डॉक्टर धरतील. उमटवून झाला की शाई पुसायला वहिनींनाच बोलवा. पाणी कोमट असू द्या. त्यांनी आधी स्वतःचा हात बुडवून पाहावा, आणि मग माझा धरावा.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: दीपाली जिनदत्त चौगुले

आमच्यासमोर वाचून दाखवले, तिने मान्य केले, अंगठा उमटवला:
१. डॉ. शंभूराज मोहिते, कराड (सही)
२. ॲड. कृष्णात जगताप, सातारा (सही)

सांगली, १२ फेब्रुवारी २०२५