बाकाच्या पाठीवरची घोडी

कोल्ड क्रीक, वायोमिंग
१२ जून १९८८

प्रिय लोर्ना,

तू बरी असशील. इकडे सगळे ठीक. हवा बदलली की आईचा गुडघा कुरकुरतो. बाकी तिची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि जीभ तर विचारूच नकोस. माझी बायको डोरीनही तुझी आठवण काढते. यंदा बर्फ लांबलं, त्यामुळे गुरं अजून डोंगरावर चढवलेली नाहीत.

माझं पत्र पाहून नवल वाटलं असेल. नाताळच्या कार्डावर डोरीनच्या नावाखाली सही करण्यापलीकडे मी तुला कधी काही लिहिलेलं नाही. आत्ताही आईमुळे लिहितोय. तिनं माझं डोकं उठवलंय.

झालं असं, की जुन्या कोठाराचं छप्पर हिवाळ्यात बसलं. फळ्या मात्र चांगल्या निघाल्या, वाळून वाळून करड्या झालेल्या, कुठं कीड नाही. आईनं फर्मान काढलं की यातून पडवीसाठी एक बाक कर आणि त्याच्या पाठीच्या फळीत घोडा काप. आरपार काप, म्हणजे संध्याकाळचं ऊन त्यातून जमिनीवर पडेल. मी म्हटलं, एवढंच ना. वीस वर्षं मी शिकाऱ्यांच्या विश्रामगृहांना बाकं, पलंग, टेबलं करून देतोय. घोडे, अस्वलं, सांबरं, सगळ्यांचे कागदी नमुने कारखान्याच्या भिंतीला टांगलेले आहेत. सगळ्यात खपणारा घोडा काढला आणि तिला दाखवायला नेला. चौखूर उधळलेला, आयाळ वाऱ्यावर.

आईनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, हा सिगारेटच्या जाहिरातीतला आहे.

मग मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला नेला. तो म्हणे सर्कशीतला. मग नुसतं डोकं नेलं, तर म्हणाली की मारून भिंतीवर लावल्यासारखं दिसतं. शेवटी मी वैतागून विचारलं, की तुला नक्की कसला घोडा हवाय ते एकदा सांगून टाक. तर शांतपणे म्हणाली, "घोडा नकोच आहे मला. टॅन्सी हवी आहे. लोर्ना ऑगस्टमध्ये येईल तेव्हा तिला बसायला."

तू येणार आहेस हे मला ठाऊक नव्हतं. तुला तरी ठाऊक आहे का, देव जाणे. आईला पंचाहत्तरावं लागतंय आणि तिनं तू येणार असं धरूनच ठेवलंय. बाबांच्या अंत्यविधीला तू मागच्या ओळीत उभी राहून न जेवता परत गेलीस, तेव्हापासून हे तिच्या मनात असावं.

तर मुद्द्याचं. तुझ्याकडे तुझ्या टॅन्सीचा एखादा फोटो असेल तर पाठव. बाजूनं काढलेला, चारी पाय दिसणारा. मला एवढंच आठवतं की जन्मली त्या रात्रीच्या थंडीत तिच्या डाव्या कानाचं टोक गळून गेलं होतं. अर्ध्या कानावर अख्खी घोडी उभी करता येत नाही. फोटो आला की दोन दिवसांचं काम आहे, मग आई सुखी आणि मीही सुटलो.

तुझा थोरला भाऊ,
ऑरिन


३ जुलै १९८८

प्रिय लोर्ना,

तुझं पत्र मिळालं. तू येतेयस हे वाचून आईनं लगेच वरच्या खोलीचे पडदे धुवायला काढले. दोन दिवस तर दोन दिवस. शेरिडनला बसवर मी घ्यायला येईन.

फोटो तू सगळे जाळलेस, असं लिहिलंस. मी समजू शकतो. माझी पंचाईत झाली, पण ते राहू दे.

तू दुसरं जे लिहिलंस, ते मी वाचलं. अजून रोज रात्री अंथरुणातून उठून दाराची कडी दोनदा तपासतेस, नवरा हसतो, आणि त्याला कारण सांगितलेलं नाहीस. चोवीस वर्षं झाली, लोर्ना. तू सतरा वर्षांची होतीस. घोडीला कुरणात सोडलंस, फाटक राहिलं, ती हमरस्त्यावर गेली आणि ट्रकखाली आली. कुणाच्याही हातून झालं असतं. बाबा जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. ज्याला फाटक लावता येत नाही त्याला या घरात जागा नाही, हे काय पोरीला सांगायचं असतं? पण त्यांचा स्वभाव तुला माहीत. शब्द तोंडातून गेला की तो परत घ्यायचा म्हणजे त्यांचं नाक खाली यायचं. आणि तूही त्यांचीच मुलगी, सप्टेंबरात बॅग भरलीस. मी तर त्या दिवशी डोंगरावर गुरांबरोबर होतो, मला सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. आता ते उगाळून काय मिळणार आहे.

बाकाचं म्हणशील तर बैठक झाली, पाय झाले, हात टेकायच्या फळ्या झाल्या. पाठ तेवढी कोरी. चौथा नमुना नेला होता. बिनधोक असावा म्हणून चरणारी घोडी काढली, मान खाली, शेपटी सैल. कान अर्धा. मला वाटलं, आता काही बोलायला जागा नाही.

आईनं कागद खिडकीशी नेला. म्हणाली, "ही मान खाली घालून का उभी आहे? तिनं काय केलंय?"

मी म्हटलं, आई, ती गवत खातेय. घोडे गवत खातात. तर म्हणते, टॅन्सी तशी नव्हती, माणूस दिसलं की चरणं सोडून कुंपणाशी यायची. मी कागद चुरगळून चुलीत टाकला. मग जेवताना दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. डोरीननं विचारलं, तू आईवर चिडलायस की घोडीवर? आणि आई बटाटे वाढता वाढता म्हणाली, "तुला ती आठवत नाही ऑरिन, की आठवायची नाहीये?"

मी उठून कारखान्यात आलो. तिथूनच लिहितोय. लाकडाचं काम म्हणजे लाकडाचं काम. त्यात एवढा शहाणपणा कशाला हवा? सांबर कापताना मला कुणी असं विचारत नाही.

येताना गरम कपडे आण, ऑगस्टातही इथं पहाटे गारठा असतो हे विसरली असशील.

तुझा भाऊ,
ऑरिन


२४ जुलै १९८८

लोर्ना,

खुशाली विचारत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तू कशी असशील ते मला ठाऊक आहे. तीन कागद फाडले, हा चौथा. जे झालं ते झालं त्या क्रमानं सांगतो, नाहीतर मी पुन्हा पडद्यांवर आणि हवेवर घसरेन.

गेल्या मंगळवारी जेवण झाल्यावर कारखान्यात गेलो तो डोक्यात राख घालूनच गेलो. ठरवलं, की आता आईला काही दाखवायचं नाही आणि विचारायचं तर त्याहून नाही. खाकी कागद पसरला आणि मिळेल त्या पेन्सिलीनं काढायला लागलो. दहा मिनिटांत घोडी तयार. एक रेघ खोडावी लागली नाही. कुंपणाच्या वरच्या तारेवरून मान पुढं काढलेली, एक कान अर्धा, दोन्ही कान समोरच्याकडे. मानेच्या कडेला आयाळीच्या वेण्यांच्या बारीक बारीक गाठी. शेपटी वेणी घालून वर बांधलेली. मला एवढंच वाटलं की ही बरोबर आहे, हीच ती. लगेच नमुना फळीवर चिकटवला, बारीक करवत लावली आणि चार वाजायच्या आत कापून मोकळा झालो. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं काम झालेलं नाही. पाठ बाकाला बसवली आणि स्वतःवर खूश होऊन चक्क शीळ घालत बसलो.

पाच वाजता आई पाय वाजवत आली, रुबार्ब घालून भाजलेली आंबटगोड पाई घेऊन, म्हणजे तह करायला. बाक दारात होतं. ऊन घोडीतून आत पडलं होतं. तिनं बशी खाली ठेवली आणि जवळ जाऊन त्या गाठींवरून बोट फिरवलं, एकेक करत, मोजल्यासारखं.

म्हणाली, "नऊ."

मी म्हटलं, कमी वाटतात का? ती म्हणाली, "निळी फीत नऊ गाठींतच संपली होती. लोर्ना रडकुंडीला आली होती, की शनिवारच्या मिरवणुकीला आता दुसरी फीत कुठून आणायची. जेवणानंतर बसलो होतो आम्ही दोघी, कोठाराच्या सावलीत. तू तिला अशी कधी पाहिलीस, ऑरिन?"

मी म्हटलं, फोटोत असेल.

"फोटो कुणी काढला नव्हता. जेवणानंतर वेण्या घातल्या, तीनला लोर्नानं तिला कुरणात सोडलं, आणि सहाच्या आत ती रस्त्यावर पडली होती. तू डोंगरावर होतास."

आईनं बशी उचलली आणि ती घरी परत घेऊन गेली.

मी डोंगरावर नव्हतो, लोर्ना. दुपारी गुरं तशीच सोडून खाली उतरलो होतो, गावात डोरीनला भेटायला. आमचं तेव्हा नुकतं कुठं जमत होतं. घरासमोरच्या मोठ्या रस्त्यानं आलो असतो तर बाबांनी घरातून गाडी पाहिली असती, म्हणून खालच्या कुरणातून आलो. ते तारेचं फाटक तुला आठवतंय. काठी छातीशी धरून रेटायची, तेव्हा कुठं तारेचा फास खांबावरून निघतो किंवा चढतो. दोघं असले तर खिडकीकडे बसलेल्यानं उतरायचं, हे आपल्याला चालायला लागल्यापासून माहीत. एकट्याला दोनदा उतरावं लागतं: एकदा उघडायला, आणि गाडी पलीकडे नेऊन परत लावायला. टॅन्सी कुंपणाशी आली होती. मी तिच्या नाकावर थाप मारली आणि म्हटलं, काय नटलीयस. गाडी पलीकडे नेली. मग दुसऱ्यांदा उतरलो नाही. वाटलं, तासाभरात याच वाटेनं परत यायचंय.

परतताना डोरीनला तिच्या मावशीकडे सोडायचं होतं, म्हणून दुसऱ्या बाजूनं डोंगर चढलो. फाटकाची आठवणसुद्धा झाली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा माणूस वर सांगत आला की तुझ्या बहिणीनं फाटक उघडं टाकलं आणि घोडी गेली. तेव्हा मला कळलं. मी त्याला विचारलं, ट्रकवाल्याला लागलं का? बस, तेवढंच विचारलं.

तेव्हा बावीस वर्षांचा होतो, बाबांना भ्यालो, असं म्हणता येईल. पण मग पंचविसाचा झालो, तिसाचा झालो, चाळिसाचा झालो. पुढं बाबा खालच्या कुरणाकडे जाणंच टाळायचे, तेव्हाही मी गप्प. डोरीनला मी सांगितलं होतं की त्या दिवशी मोठ्या रस्त्यानं आलो, तिनंही ते खरं मानलं. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसायचो. एकदा त्यांनी विचारलं, लोर्नाला कळवलंत का? तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. मी त्यांना विचारलं, पाणी देऊ का?

आणि गेल्या पत्रात तुला लिहिलं की कुणाच्याही हातून झालं असतं. जणू मी तुला माफ करत होतो. ते वाक्य आठवलं की मला माझीच किळस येते.

मंगळवारपासून आई माझ्याशी बोललेली नाही. काल फक्त एवढं म्हणाली, की पत्र तू लिहायचंस, मी नाही लिहिणार. आणि त्या फळीला हात लावायचा नाही. मी ती फोडून जाळायला निघालो होतो. डोरीनलाही सांगितलं. ती बहिणीकडे गेली आहे. परत येईल असं म्हणाली, कधी ते म्हणाली नाही.

तू आलीस तर मी दोन दिवस डोंगरावर जाईन, तुझ्या नजरेला पडणार नाही. समोर उभं करून काही बोलायचं असेल तर इथंच थांबेन, आणि या वेळी मधेच पाणी विचारणार नाही. तू आलीच नाहीस तर आईला काय सांगायचं ते मला माहीत नाही, पण सांगायला मीच जाईन. माफी मागत नाही. चोवीस वर्षं हातात असताना मागितली नाही, आता आईच्या बोटाखाली सापडल्यावर मागायची तर तिला काय अर्थ.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझ्याशिवाय जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या पत्रावरून कळलं की तुला स्वतःलाही ती ठाऊक नाही. त्या दिवशी मी गाडीतून उतरलो तेव्हा फाटक लावलेलं होतं, लोर्ना. फास पार खालपर्यंत बसवलेला होता. इतका घट्ट की तो काढायला मला दोनदा खांदा लावावा लागला. तू ते नीट लावलं होतंस.

'तुझा भाऊ' असं लिहून खोडलं आहे. तुला हवं तर तू लिही.

ऑरिन