कड्यांचे मोजे

मायर्टल फ्लॅट, टास्मानिया
मंगळवार, १४ मार्च

दादा,

घरी सगळे जिवंत आहेत. आईचं डोकं दुखतंय, कुत्र्याला गोचिड्या झाल्यात, आणि माझं अक्षर तुला माहीतच आहे. नर्सला वाचायला देऊ नकोस. आधी हसेल, आणि पुढचं तिने वाचायचं नाहीये.

तीनदा फोन केला. "लॉकी झोपलाय," म्हणाल्या. भर दुपारी तू कधी झोपलायस रे? मग म्हटलं, लिहू.

लाकूड कापायच्या गिरणीचा मालक येऊन गेला. म्हणाला, लाकडं उचलणं राहू दे, लॉकीला बसून करायचं काम देऊ. आईने त्याला चहासुद्धा विचारला नाही. गिरणीतला मुकादम अजून डबा उघडायच्या आधी हलवून बघतो, आत मी परत सरडा ठेवलाय का म्हणून. मग माझ्याकडे बघतो. मी काहीच ठेवलेलं नसतं. त्यालाच कसंतरी वाटतं बहुतेक.

तुझी लाकूडतोडीच्या शर्यतीची कुऱ्हाड मी पुसली. माहितीय, दुसऱ्याच्या कुऱ्हाडीला हात लावायचा नसतो. पण कुणीतरी ती तशीच पेटीत टाकली होती आणि पात्यावर रक्त सुकलं होतं. गंज चढला असता. तेल लावलं. धारेला काही झालेलं नाही, अजून हातावरचे केस उडतात. हे लिहायला नको होतं. खोडत बसत नाही.

शनिवारी लाकूडतोड मंडळाची सभा आहे. क्लॅरीकाकाला तपासणीच्या कामावरून काढणार आहेत. मोज्यांचा नियम आल्यापासून म्हातारा प्रत्येक आडव्या ओंडक्याच्या शर्यतीआधी काठी घेऊन फिरतो. प्रत्येकाच्या पायावर टकटक करतो, पोलादी कड्यांचे मोजे किणकिणले की पुढे सरकतो. तुझ्यापाशी आला तेव्हा त्याने काठी लावलीच नाही. "तुझे असणारच रे, तू काय पोर आहेस?" म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. आता तो दुकानात शिरला की लोक पावाच्या फडताळाकडे तोंड करतात.

आणि तू मंडळाला लिहून दिलंस, की मोजे घरी विसरलो. आईने ती नक्कल मला वाचून दाखवली. "लॉकी कधी काही विसरत नाही," म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी कुत्र्याच्या गोचिड्या काढायला उठलो.

बरं. लिहितो.

तुझे दोन्ही मोजे मी गळाच्या दोऱ्याने एकमेकांना शिवले होते. कड्याकड्यातून, चाळीसेक गाठी. न्याहारी करता करता केलं. वाटलं, तू दोन्ही पाय एकात घालून बेडकासारखा उड्या मारशील, शिव्या घालशील, मैदान हसेल, मग मी चाकूने कापून देईन. चाकू खिशात तयार होता.

हे तुला पेटी उघडल्या उघडल्या कळलंच असेल. असलं दुसरं कोण करणार? नाव पुकारलं होतं, गाठी सुटेनात, आणि जिंकलास तर सिडनीच्या मोठ्या शर्यतीला जायचं होतं. तू फुटबॉलचे जाड मोजे वर ओढलेस आणि गेलास. मग दवाखान्यातसुद्धा माझं नाव घेतलं नाहीस. डाव्या पायाची तीन बोटं गेली आणि तू मला पाठीशी घालत बसलास.

पण एक तुला माहीत नाही.

मी कुंपणापाशी तुझ्या पेटीजवळच उभा होतो. पंचाने मोजायला सुरुवात केली. कच्चे गडी तीनला सुटले, पाचला सुटले. तू सगळ्यात पक्का, तुला सगळ्यात उशिरा सोडणार, तुझा आकडा बावीस. तू ओंडक्यावर पाय फाकवून गप्प उभा. मी खाली बघितलं तर पेटीच्या झाकणावर मोजे, तसेच, शिवलेले. त्याच वेळी पंच 'आठ' म्हणाला.

म्हणजे मला आठपासून बावीसपर्यंत वेळ होता. तू कुऱ्हाड स्वतःच्या दोन पायांच्या मधे मारणार आणि त्या पायांवर लोकर आहे, हे त्या मैदानात तू सोडून फक्त मला माहीत होतं. एक हाक पुरली असती.

मनाला सांगून बघितलं, की हाक मारली असती तर तुझी सिडनी गेली असती. पण ते मी नंतर जोडलं, दादा. तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की हे कुणी केलं ते सगळ्यांना कळेल.

पंच बावीस म्हणाला. मी कुंपण धरून उभा होतो.

काल क्लॅरीकाकाकडे गेलो. सफरचंदं सोलत होता. सगळं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

"काठी मी लावली नाही," म्हणाला. "ते माझं. त्यात तू वाटा मागू नकोस."

"शनिवारी मी सभेत सांगतो ना, काका."

"मला वाचवायला येणार असलास तर घरी बस. ते मला काढणारच आहेत, आणि काढावंच."

"मग कशाला सांगू?"

"ते मला काय विचारतोस? तुझा भाऊ तुझ्यासाठी खोटा कागद लिहून बसलाय. त्याला विचार."

तुला विचारत नाहीये, कारण तू नको म्हणशील. शनिवारी सकाळी दहाला मी उभा राहून सांगणार. मोजे मी शिवले, आणि आठला बघितले. तू लिहिलेलं खोटं आहे हेही सांगावं लागेल, म्हणजे तुला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. तो पाय घेऊन तू तिथे नसशील, त्यातल्या त्यात तेवढं बरं.

आईला आज जेवताना सांगतो. तिला माहीत आहेच, पण ऐकायचंय.

मला माफ कर असं लिहिणार होतो. तू करशील, म्हणूनच लिहीत नाही. निदान एकदा फोनवर येऊन शिव्या दे. मी ऐकून घेईन, मधे काही बोलणार नाही.

खाली 'तुझा' लिहिलं होतं, ते खोडलंय. तू म्हणालास तर परत लिहीन.

टोबी