भरल्या ओटीनं

१२ जानेवारी, चाकूर

काय करून बसले मी!

दुसऱ्या खेपेला थाट नको म्हटलं होतं, तरी सासूबाईंनी आज सातव्या महिन्याची ओटी भरलीच. गल्लीतल्या बायका, हसणं, चेष्टा. धाकटी जाऊ सुकन्या मात्र कोपऱ्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही. तिला हसवावं म्हणून माझ्या ओटीतला नारळ उचलला, तिच्या पदरात टाकला आणि म्हणाले, "घे, हे लेकरू तुझं!"

कुणी हसलं नाही. सुकन्यानं नारळासकट माझे पाय धरले. सासूबाई म्हणाल्या, "भरल्या ओटीनं बोललीस, तनुजा. आता माघार न्हाई."



१३ जानेवारी

कॉलेजात मीच शिकवते — 'शब्द देतो' म्हटलं की शब्द दिला गेला, तिथं बोलणं हीच कृती. चेष्टेतलं बोलणं धरायचं नसतं, हेही शिकवते. पण सासूबाईंना कोण शिकवणार!

सुदर्शनला म्हटलं, तुमच्या आईला समजावा. तर म्हणतो, "तूच बोललीस की! आता आई लई खुश होऊन राहिली." नवरा आहे की पंच?

२० जानेवारी

सुकन्यानं पाळणा आणला.

८ फेब्रुवारी, उमरी

थोरल्याला घेऊन बाळंतपणाला माहेरी आले. लेकरू पोटात ढुशा देतं. देणार नाही! कुणालाच देणार नाही! — पण हे फक्त इथं लिहिते. तोंडातून एकदाही निघालं नाही.

१९ मार्च

मुलगी झाली. गोरी, रडकी, माझी.

सासूबाईंचा फोन आला. "अगं, ती चेष्टा व्हती. बायकांत चालतंच असं. तुझी तू संभाळ." मी थक्क! मुलगा असता तर माघार नव्हती, मुलगी झाली म्हणून चेष्टा? संताप आला. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं. पोरीला छातीशी धरून खूप रडले.

२४ मार्च

सुकन्या आली. एकटी, एसटीनं, घरात कुणाला न सांगता. खाटेपाशी येऊन पदर पसरला.

"अक्का, त्यांना काय बी म्हणू द्या. मला हीच पायजे. तुम्ही बोलला व्हता."

अख्ख्या घरात माझा शब्द पाळणारी ती एकटीच!

मी म्हणाले, "न्हाई."

तिनं पदर आवरला. पाणीसुद्धा न पिता गेली.